गाडीच्या दारावरचा हळदीचा थापा

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मोजून मिळायचं, म्हणून डॉक्टरसाहेबांची मोटार बहुतेक वेळ छपरात उभीच असायची. मी शहापूरच्या भातगिरणीत वजनं करायचो. माझं गाव घाटावर, दोन दिवसांच्या वाटेवर. शाळा चौथीतच सुटलेली. डॉक्टरांनी मागच्या अंगणातली खोली राहायला दिली, वर जेवायलाही घातलं. काहीतरी चुकेल आणि ही खोली जाईल, असं मला उगाच वाटत राहायचं. म्हणूनच की काय, पण संध्याकाळी गिरणीतून आलो की त्या मोटारीला हात लावल्याशिवाय चैन पडायचं नाही.

"पूस हवी तर," डॉक्टर म्हणाले होते, "पण रंगाला ओरखडा नको."

मग सामान जमवण्याचा नादच लागला. काथ्याचा कुंचला टायरलाच बरा, दारांना नको. घोसाळ्याची वाळलेली जाळी चाकांच्या काड्यांत शिरते. टांगेवाल्याचा घोडा घासायचा लोखंडी खरारा हातात घेऊन मी तसाच ठेवून दिला. मोटारीच्या अंगासाठी शेवटी काकूंकडून, म्हणजे डॉक्टरीणबाईंकडून, जुन्या मलमलीच्या धोतराचे तुकडे मागून आणले. बाजारातल्या दुकानदारानं मेणाचा डबा दिला, त्यातलं मेण मी आधी बोनेटच्या खालच्या बाजूला लावून पाहिलं. बादल्या दोन हव्यात, हेही तेव्हाच कळलं. एकीत धुळीचं फडकं पिळायचं, दुसरीत स्वच्छ पाणी. नाहीतर तीच माती पुन्हा रंगावर घासली जाते.

खंडेनवमीला गिरणी बंद. काकू म्हणाल्या, "तुझी हत्यारंही मांड की पाटावर." कुंचला, जाळी, फडकी, डबा, सगळं मांडलं. गिरणीतला हमाल, सापगावचा, पूजेला आला होता. मी प्रसाद आणायला आत गेलो, तेवढ्यात त्यानं ओल्या हळदीत पंजा बुडवून मोटारीच्या दारावर थापला. दार साईच्या रंगाचं.

"हे काय केलंस?"

"आमी भाताच्या कणगीला असाच थापा लावतू. गाडी पन लक्ष्मीच हाय ना, रे?"

संध्याकाळच्या आगगाडीनं डॉक्टर कल्याणहून यायचे होते. दसऱ्याला मुरबाडला लेकीच्या सासरी जायचं, तिकडे आगगाडी नाही, म्हणून त्यांनी पेट्रोल राखून ठेवलं होतं. व्याह्यांच्या दारात हा पंजा घेऊन जाणार? हत्यारं पूजेला बसलेली, दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत. मी विहिरीवरचा धुण्याचा सोडा आणि फाटका पंचा घेऊन धावलो. सोडा लागताच पिवळा पंजा लालभडक झाला.

"आता खून केल्यागत दिसतंय," हमाल म्हणाला आणि हसू लागला. मला हसू येईना.

काकूंनी ओट्यावरून पाहिलं. "आधी साध्या पाण्यानं धू, लाल जाईल. मग उन्हात लाव. हळदीचा डाग ऊनच खातं. आमच्या लुगड्यांचं काय करतो आम्ही?"

पाण्यानं तो पुन्हा पिवळा झाला. मी आणि हमालानं मोटार ढकलत अंगणात आणली. आंब्याची सावली सरकली की पुन्हा ढकलायची. आश्विनातलं ऊन तापलेलं, तरी मी दर घटकेला जाऊन बघायचो. "बघून लवकर जाईल काय तो?" हमाल विचारायचा. पण ढकलायला प्रत्येक वेळी तोच आधी उठायचा.

दिवे लागायच्या आधी डॉक्टर आले. दारावर बोटांची फिकट सावली उरली होती. मी सगळं सांगितलं, सोड्याचंही. ते दाराशी वाकले. मग नखानं रंग चाचपला.

"ओरखडा नाही," ते म्हणाले. "उद्या तूही चल. मुरबाडचा रस्ता धुळीचा. पोचल्यावर पुसायला कोणी हवं ना, आणि व्याह्यांकडे जेवूनही घे."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वाटेवर मी पुढच्या सीटवर बसून होतो. दारावर उरलेल्या बोटांवर ऊन पडतंय की नाही, तेवढंच वाकून बघत होतो.