रंभाबेन आणि मिशीवाली बाई

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत रंभाबाईला सगळे रंभाबेन म्हणायचे. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत. नर्सिंगचं शिक्षण धुळ्याला झालं. तिथल्या मेट्रन मुलींना जुन्या लढायांच्या गोष्टी सांगत. गोळीने मेले त्याहून जास्त शिपाई घाणीने मेले, आणि तंबूत झाडू मारणाऱ्या, चादरी उकळणाऱ्या नर्सबायांनी उरलेले वाचवले. एकदा मेट्रननी विचारलं, "लढाईच्या तंबूत गेल्यावर पहिलं काय मागाल?" बाकीच्या मुली म्हणाल्या, औषधं. रंभा म्हणाली, "दाराला कडी. बरा व्हायच्या आत पळणारा पेशंट मला आवडत नाही." मेट्रननी तिला वर्गाबाहेर काढलं आणि मग स्वतःच हसत बसल्या.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. तापीचा पूर नुकताच ओसरला होता, गल्ल्यांतून चिखल आणि मेलेली जनावरं. लोक तोंडाला रुमाल बांधून स्टेशनाकडे पळत सुटले. दवाखान्यांना कुलपं लागली, प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून गायब झाल्या. रंभाबेन तेव्हा सरकारी इस्पितळात नर्स होती आणि नवरा भिवा रेल्वेत खलाशी. त्याने ट्रंक भरली, पोरगी प्रज्ञाला कडेवर घेतलं आणि बायकोला बजावलं, "नोकरी गेली खड्ड्यात. भुसावळला चल."

ती मुकाट्याने उधना स्टेशनपर्यंत गेली. दोघांना डब्यात बसवलं, पोरीच्या हातात बिस्किटं दिली. "पाणी भरून आणते," म्हणाली आणि उतरली. गाडी हलली तेव्हा ती प्लॅटफॉर्मवर रिकामी बाटली हलवत उभी होती. भिवा खिडकीतून काय काय बोलला ते चाकांच्या आवाजात गेलं. तिथून चालत ती थेट इस्पितळात पोचली, आणि वाटेत पदराने डोळे पुसले हे तिने आम्हाला फार उशिरा सांगितलं.

वॉर्डात वेगळीच पंचाईत होती. पेशंट जरा उठून बसला की पळून जायचा. बाहेर पोलीस होते, पण तेही रोग्याला हात लावायला भीत. रंभाबेनने पहिल्याच दिवशी सगळ्यांचे कपडे जंतुनाशकात भिजत घातले आणि अंगावर इस्पितळाचे झगे चढवले, मागे नाड्या बांधायचे. नाड्या दोनच, त्याही वर. खाली सगळं मोकळं. कोणी कपडे मागितले की ती म्हणे, "अजून जंतू मरतायत." पाठ उघडी टाकून स्टेशनावर जाण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

फक्त बन्सीलालने मार्ग काढला. अमळनेरकडचा हा गडी उधन्याच्या कारखान्यात लूम चालवायचा. त्याची बायको सुभद्राबाई रोज डबा घेऊन यायची. एका दुपारी डब्याच्या पिशवीत भाकरीखाली तिचं लुगडं आलं. थोड्या वेळाने वऱ्हांड्यातून एक उंच बाई डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून दाराकडे निघाली. पावलं हातभर लांब, पोटऱ्यांवर केसांचं रान.

"बाई, थांबा," रंभाबेन म्हणाली. "पेशंटला भेटून आलात ना? मग तुम्हालाही कॅप्सूल घ्यावी लागेल."

बाईने मान डोलावली.

"एक विचारायचं राहिलं. तुम्हाला दिवस गेलेत का? पोटुशीला ही कॅप्सूल चालत नाही."

बाई विचारात पडली. पदराआडून घोगरा आवाज आला, "नही."

"नक्की ना? पाळी कधी आली होती?"

मागे खाटांवर माणसं तोंडात चादरी कोंबून हसत होती. ज्यांना धड श्वास घेता येत नव्हता तेही हसले, आणि हसताना खोकले. बन्सीलालने वैतागून पदर मागे टाकला. झुबकेदार मिशी बाहेर आली.

"रंभाबेन, माले जाऊ द्या," तो म्हणाला. "माय एकली शे घर." एवढं बोलला आणि भिंतीला धरून खाली बसला. खोकल्यात रक्त आलं. लुगड्याच्या काठावर ते सांडलं तसं वॉर्डातलं हसू थांबलं.

रंभाबेनने त्याला काखेत हात घालून उचललं. "आईला भेटायला जातोस की रोग पोचवायला?" ती हळूच म्हणाली. त्याने तिचा हात घट्ट धरला.

दारात सुभद्राबाई पिशवी छातीशी धरून रडत होती. रंभाबेन तिला रागावली नाही. तिला कॅप्सूल दिल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि हातात बादली दिली. "आलीसच तर फरशी पूस. नवऱ्यावर नजरही राहील." त्या दिवसापासून सुभद्राबाई वॉर्डातच राहिली. बन्सीलालचा ताप चढत गेला. बायको कपाळावर ओल्या घड्या ठेवायची, रंभाबेन सलाईन बदलायची. बाजूच्या खाटेवरचे हिलालभाऊ त्याच आठवड्यात गेले. ते गेल्यावर रंभाबेन दिवसभर कोणाची थट्टा करू शकली नाही. पण बन्सीलाल तरला. तापातून उठल्यावर त्याने पहिल्यांदा मिशीला पीळ दिला तेव्हा ती म्हणाली, "चला, बाईची तब्येत सुधारली."

भिवा परत आला तो फुगूनच. चार दिवस त्याने पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हातून घेतला नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या अनुसयाबाईंपुढे मात्र तो बायकोच्या गोष्टी सांगत बसला, जसं काही सगळं त्यानेच शिकवलं होतं.

गल्ली मात्र बिचकून होती. नळावर बायका तिच्या घागरीपासून लांब उभ्या राहायच्या. तिला वाईट वाटलं असणार, पण तिने त्याचाही उपयोग करून घेतला. एरवी शेअर रिक्षात सहा जण कोंबलेले असत. ती पांढऱ्या साडीत आत बसायची, पदराआड जरा खोकायची, की सीट रिकामी. दिवाळीपर्यंत ती ऐसपैस पाय सोडून घरी येत होती. मग एका संध्याकाळी वांग्यांची मोठी टोपली घेतलेली एक बाई तिच्या अंगावरच बसली. रंभाबेन खोकली. "सरक ने, बेन," ती बाई म्हणाली आणि टोपली तिच्या मांडीवर ठेवून मोकळी झाली. घरी येऊन रंभाबेनने जाहीर केलं की सुरतेतला प्लेग आता खरोखर संपला.