माघारी कसं यायचं?

नकाशावरचा शेवटचा चिंचोका डब्यात पडेपर्यंत सुभेदारसाहेब कुणाला चहाला उठू देत नसत.

नगरच्या ज्या लष्करी कचेरीत मोहिमांचे आराखडे ठरत, तिथे मी नकाशे काढणारा मुलकी कारकून होतो. पुढच्या लढाईत ड्रोन किती, रणगाडे किती, यावर अधिकारी हिरिरीने बोलत. साहेब नकाशावर प्रत्येक तुकडीसाठी एकेक चिंचोका मांडत आणि सगळ्यांचं बोलून झालं की विचारत, "जायाचं समजलं. माघारी कसं यायचं?" तुकडीची परतीची वाट ठरली की तिचा चिंचोका डब्यात.

एकदा एक तरुण कॅप्टन हसला. "आधी पोहोचू तर द्या!"

"पोचाल की, साहेब. पोचायची घाई समद्यांनाच असती."

मी मात्र वैतागायचो. त्यांच्यापायी मला प्रत्येक नकाशा दोनदा काढावा लागे, जाण्याचा आणि येण्याचा. मनातल्या मनात मी त्यांना 'माघारी मास्तर' म्हणायचो.

मग शांतिसेनेची एक तुकडी आफ्रिकेला निघाली आणि तिच्यात माझा धाकटा भाऊ होता. छावणीतून दवाखान्याकडे एकच रस्ता, तोही नदीकाठचा. साहेब अडून बसले. "पावसात ह्यो रस्ता बुडनार. आजारी मानूस आनायचा कसा?" दोन दिवस त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं आणि सामानाच्या यादीत होड्या घालायला लावल्या.

तिथल्या पावसाळ्यात भावाला मलेरिया झाला, तो मेंदूपर्यंत गेला. रस्ता पाण्याखाली होता. होडीतून दवाखान्यात नेला म्हणून भाऊ वाचला.

परत आल्यावर तो साहेबांना भेटायला आला. त्यांनी त्याच्या हातात चिंचोका ठेवला. "टाक डब्यात, तुज्या हातानं." मी त्यांचे पाय धरले. "उठा वो, चहा गार व्हतोय," ते खेकसले.

निवृत्त होऊन ते श्रीगोंद्याकडे आपल्या गावी निघाले, तेव्हा मी चेष्टेने विचारलं, "साहेब, माघारी कसं यायचं?"

"आता तुमी दोघं या."

आज जाऊ, उद्या जाऊ करता करता आम्ही दोघे भाऊ गेलो ते त्यांच्या दहाव्याला. त्याची लाज अजून वाटते.

त्यांच्या पत्नीने घडी घातलेला एक कागद दिला. "तुमच्यासाठी काढून ठिवला हुता. येतील म्हनायचे."

साहेबांच्या हातचा नकाशा होता. एसटी स्टँड, साखर कारखाना, ओढा, घर. खाली नगरला परतायच्या गाड्यांच्या वेळा, आणि शेवटच्या गाडीखाली दोन रेघा.

आम्ही त्याच गाडीने माघारी आलो.