दरेकसाच्या डोंगरावरची डहाळी

लढाईच्या काळात बर्माला जाण्याआधी आमची कंपनी जंगल ट्रेनिंगसाठी दरेकसा स्टेशनपासून दोन कोसांवर कॅम्पमध्ये होती. हा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात आहे. मी लान्स नाईक होतो. माझ्याच गावचा लेखराम पटले हाही लान्स नाईक. आमगाव स्टेशनवरून आम्ही दोघे एकाच गाडीने भरतीला गेलो होतो. त्या डोंगरावर तो कसा मेला याचा जो रिपोर्ट झाला, तो माझ्या जबानीवरून झाला. ती जबानी खोटी होती.

कॅम्पचा दिवस ठरलेला होता. पाच वाजता रिव्हिली, म्हणजे उठायचा बिगुल, साडेपाचला पीटी, नंतर परेड, फायरिंग, दुपारी नकाशा. मी सगळं नियमाने करायचो. लेखराम हसत करायचा आणि त्याचं माझ्यापेक्षा चांगलं व्हायचं. फायरिंगला माझ्या पाचातल्या चार गोळ्या लागल्या की त्याच्या पाच लागायच्या. शिपाई आपली दुखणी मला न सांगता त्याला सांगायचे. रजेवर घरी गेलो तर माझ्या स्वतःच्या बापाने ओसरीवर पहिला प्रश्न केला, "लेखराम बरा आहे ना गा?" मी पायातले बूटही काढले नव्हते.

कंपनीत नाईकची एक जागा रिकामी झाली. सुभेदार साहेब उत्तरेकडचे होते, कमी बोलायचे. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि पूर्वेकडचा डोंगर दाखवला. नकाशावर त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

"दो सेक्शन. एक सात बजे चलेगा, दूसरा साढ़े सात. जिसका टाइम कम, उसको फीता. आदमी पूरे, राइफल पूरी."

पुढच्या सेक्शनने वाट शोधायची आणि जिथे वाट फसते तिथे मागच्यांसाठी खूण ठेवायची, हाही हुकूम होता. कसली खूण, असं साहेबांनी विचारलं. माझ्या सेक्शनमधला शिपाई मंगरू मडावी त्याच डोंगरांतला. तो म्हणाला, "आमच्याकडे वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकतेत, साहेब. डहाळी दिसली का पुढे जायचं नाही. तिचा जाड बुडखा ज्या बाजूले, तिकडून खरी वाट." साहेबांनी ते दोन्ही सेक्शनना समजावून सांगितलं.

पुढे कोण जाणार यासाठी नाणं उडवलं. लेखराम जिंकला. त्याने मागचा नंबर घेतला.

"तू झाडी तोड, मी आरामात येतो," तो म्हणाला.

"तयार वाटेवर कोणीही चालते."

"मंग तू कायले दात खाऊन राहिला? हारला तं मी तुले चहा पाजीन."

सगळे हसले. मीही हसलो.

सात वाजता निघालो. आम्ही सात जण, पाठीवर पिट्ठू, मंगरूकडे वायरलेस सेट. एप्रिल महिना होता. पहिला तास बांबूच्या रांज्यांतून, दाट बेटांतून गेला. पुढे चढ उभा झाला आणि सुकलेल्या पाल्यावरून बूट घसरू लागले. मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका खाली दिसत होत्या. नऊ वाजता पहिल्या कातळापाशी पोचलो. तिथे दोनदा वाट फसली, दोनदा मंगरूने डहाळी टाकली. प्रत्येक डहाळीला माझ्या डोक्यात एकच हिशेब होता: माझी दहा मिनिटं गेली, त्याची वाचली.

साडेदहाला आम्ही एका घळीत शिरलो. उजवीकडे एक कपार वर जात होती, माणूस सहज चढेल अशी. वीस पावलांवर मंगरू थांबला आणि त्याने हात वर केला. वर कातळाच्या पोटाखाली आग्या मोहोळाची पोळी लटकत होती. चार तरी असतील, सुपाएवढी. आम्ही आवाज न करता मागे सरलो. मंगरूने तेंदूची डहाळी तोडून कपारीच्या तोंडाशी आडवी टाकली, बुडखा डावीकडे. मग सेक्शन डावीकडच्या लांबच्या वाटेने निघाली.

मी सर्वांत मागे होतो. मी ती डहाळी उचलली आणि झुडपात टाकली.

लेखराम मरावा असं माझ्या मनात नव्हतं. त्याने त्या कपारीत शिरावं, पोळी बघून मागे फिरावं, त्याची वीस मिनिटं जावीत, एवढंच होतं. पण खूण नसलेल्या वाटेवर माणूस वर बघत नाही, हे मला समजायला हवं होतं. त्या दिवशी डोळ्यांपुढे फक्त नाईकच्या दोन फिती होत्या.

अकरा वाजता आम्ही माथ्यावर पोचलो. शेवटचा टप्पा हातापायांनी चढावा लागला. वरून आमगावकडची सपाट धानाची जमीन दिसत होती. मी सेटवर बोललो.

"एक नंबर माथ्यावर. आदमी पूरे, राइफल पूरी. ओव्हर."

"शाबाश. दो नंबर किधर है? ओव्हर."

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला.

"दिखता नहीं, साहब. ओव्हर," मी म्हणालो.

खाली काय झालं ते त्याच्या शिपायांनी सांगितलं. कोणाच्या तरी बुटाखालचा दगड सुटला आणि माशा उठल्या. लेखराम सर्वांत पुढे होता. त्याला वर चढून निसटता आलं असतं. तो मागे आला. एक शिपाई आंधळ्यासारखा कड्याकडे पळत होता, त्याला धरून त्याने खाली पाडलं आणि आपलं कांबळं त्याच्यावर टाकलं. बाकीच्यांना ढकलत ढकलत घळीत लोटलं. मग माशा आपल्या मागे याव्यात म्हणून शर्ट काढून फिरवत उलट्या दिशेला पळाला. तिथेही कडा होता, त्यावरून तो खाली कोसळला. सहाही शिपाई जगले.

त्याचे शिपाई घळीतून खाली पळाले होते. उतरताना मी त्या जागी सर्वांच्या आधी पोचलो. झुडपातली डहाळी काढून मी परत वाटेवर टाकली. लेखरामला उचलून नेणारे तिच्यावरून पाय टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौकशी केली. सुजलेल्या तोंडांनी त्याचे शिपाई म्हणाले, डहाळी दिसली नाही. मी म्हणालो, होती. मंगरूला विचारलं. "मीच टाकली, साहेब," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. साहेबांनी स्वतः जाऊन ती पाहिली. रिपोर्टमध्ये आलं की लान्स नाईक पटले निशाणीकडे दुर्लक्ष करून पुढे गेला. तेच त्याच्या घरीही कळवलं गेलं.

संध्याकाळी मंगरू माझ्या तंबूशी आला.

"बुडखा उजवीकडे आहे आता."

मी रायफल पुसत राहिलो.

"मी डावीकडे ठेवला होता. साहेबाले तुम्हीच सांगा. मी चुगली नाही करत."

मी सांगितलं नाही. आठवड्याने मला नाईकच्या दोन फिती मिळाल्या. मंगरू बर्मात पहिल्याच महिन्यात पडला. शेवटपर्यंत तो माझ्याशी ड्यूटीपुरतंच बोलला.

पेन्शनवर आल्यावर मी गावीच राहिलो. लेखरामचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी इतकी वर्षं मी ते दार टाळलं. यंदा धान निघाल्यावर गेलो. त्याचा धाकटा भाऊ हिरामण आता आजोबा झाला आहे. खाटेवर बसून मी त्याला सगळं सांगितलं.

ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "आमच्या घरी पोट्टं आयकत नसलं का काय म्हणतेत, माहीत आहे तुले?"

"नाही."

"'लेखरामावानी करू नको.' माय म्हणे. मंग माझी बायको. आता सुना म्हणून राहिल्या. काऊन नाही बोलला तू?"

"त्याचा हेवा वाटायचा."

"मेल्यावरही?"

"हो."

तो उठला. मला वाटलं, हाकलून देईल. त्याने आत हाक मारून सुनांना, नातवंडांना, सगळ्यांना बाहेर बोलावलं, ओसरीत माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाला, "आता यायच्यासमोर सांग. अथपासून."

मी सांगितलं. तेच इथे लिहिलं आहे, म्हणजे त्या ओसरीबाहेरच्यांनाही कळावं. त्या दिवशी कपारीच्या तोंडाशी खूण नव्हती. लान्स नाईक लेखराम पटले याच्याकडून कोणतीही चूक झाली नाही. तो सहा माणसं घेऊन डोंगर चढला आणि सहाही माणसं जिवंत परत आली.