उन्हावरचं लग्न

"मुंद होग्री, मुंद जागा हाय." ओसरीवर चारच माणसं बसलेली असली तरी आमचा कंडक्टर आधी हे कानडीतलं 'पुढं सरका' म्हणायचा आणि गर्दी रेटल्यासारखा हात हलवायचा. अख्खा जन्म निपाणी-बेळगाव गाडीत कंडक्टरकी केलेली. रिटायर झाला, पण गाडीतून काही उतरला नाही. गेल्या साली तो वारला.

आमची वसाहत तुम्ही हायवेवरून बघितली असेल. मुरमाड माळावर एकसारखी घरं आणि एकाही घराला विजेची तार नाही. छपरावर सोलर, अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी, स्वयंपाक गोबरगॅसवर. आमच्या घराची जागा माझ्या बायकोनं पसंत केली. टाकी दोघांच्या मापानं बांधून घेतली, आणि राहायला यायच्या आधीच ती गेली. मी एकटा आलो नि दार लावून बसलो. कंडक्टर रोज दार वाजवायचा. मी शिव्या द्यायचो. तो चहा मागायचा.

उन्हाचं वाटप त्याच्याकडे. कुणाचा मिक्सर कधी, कुणाची इस्त्री कधी, हे तो गाड्या सोडल्यासारखं सांगायचा. "वैनी, तुमची चटणी दुपारच्या गाडीला. आत्ता पंप सुटतोय." बायका हसायच्या, पण ऐकायच्या.

लेकीचं लग्न त्यानं माळावरच धरलं. व्याही बेळगावच्या कॅम्पातला कापडवाला. त्याला शहरात हॉल पाहिजे होता, निदान जनरेटर तरी. कंडक्टर हटला नाही. आम्हा सगळ्यांना पटवून इथं आणलेलं त्यानंच, आणि आता निम्मी घरं तार मागायला निघालेली. त्याच्याच मांडवात डिझेल जळलं असतं तर वसाहत तिथंच संपली असती. हे त्याला कळत होतं, आम्हालाही.

हळदीला नवऱ्याकडच्या पोरांनी स्पीकर वसाहतीच्या सामायिक बॅटरीला लावले. नाच नाच नाचली आणि बॅटरी पार पिऊन टाकली. लग्नादिवशी सकाळी बघतो तर वळवाचं आभाळ. ऊन नाही. खालच्या तळ्यातलं पाणी चढवणारा पंप उठेना. कंडक्टरच्या टाकीनं हळदीतच तळ गाठलेला, बाकीच्यांच्या उन्हाळ्यानं आटलेल्या. वऱ्हाड गाडीतून उतरायला लागलं, आचारी रिकाम्या पिंपाकडं बघत उभा.

व्याह्यानं फोन काढला. "इवाई, जनरेटर टेम्पोत घालून ठेवलाय. निस्तं व्हय म्हना."

कंडक्टर नुसता आभाळाकडं बघत राहिला. ते मला बघवेना. माझ्या टाकीवर हातानं चालणारा हापसा आहे, बायकोनं हट्टानं बसवलेला. एकट्या माणसाला पाणी लागतं किती?

"आरं, माझी टाकी भरल्याली हाय," मी ओरडलो. "ये की मुडद्या, बघतोस काय?"

मग काय विचारता! माझ्या दारापासून मांडवापर्यंत रांग लागली. कळशा, बादल्या, कुणाच्या हातात कुकरचं भांडं. कॅम्पातल्या बायका शालू खोचून घागरी पुढं देतायत, आणि हा रांगेच्या कडेनं पळतोय, "मुंद होग्री, मुंद होग्री." व्याही कोट सांभाळत बाजूला उभा होता. कंडक्टर त्याच्यापाशी थांबला.

"पावणं, रांगंत या. मधी थांबा न्हाय ह्या गाडीला."

व्याह्यानं कोट काढून हापसणाऱ्या माझ्याच खांद्यावर टाकला आणि बादली धरली. सगळा माळ हसला. भात शिजला, अक्षता वेळेवर पडल्या, जनरेटर टेम्पोतच राहिला. माझ्या अंगणात चिखल झाला, पोरं घसरून पडत होती, बांगड्या वाजत होत्या. हे माझ्या बायकोनं बघायला पाहिजे होतं.

दिवस कलताना लेक सासरी गेली. वऱ्हाड पांगलं. कंडक्टर माझ्या हापशाशी आला आणि ओंजळ धरली. मी हापसलं. त्यानं तोंड धुतलं, परत धुतलं, धुतच राहिला. पाणी चिखलात वाया चाललं होतं. मी दांडा मारत राहिलो.