श्रावणातला वास

शेडमध्ये शिरण्याआधी हिराजीमामा दारात थांबायचे, डोक्यावरचं हेल्मेट काढायचे आणि डोळे मिटून दोनदा हुंगायचे. तुर्भ्याच्या त्या रसायन कारखान्यात मी नवी केमिस्ट होते. पहिल्या दिवशी मला वाटलं, देवाला नमस्कार चाललाय. विचारलं तर म्हणाले, "ताई, मीटर तुमचा, नाक आपला. घरचा हाय, भाड्याचा नाय."

हिराजी म्हात्रे घणसोली गावातले, कंत्राटी ऑपरेटर. शाळा सातवीपर्यंत, पण पिरिडीन हे रसायन त्यांनी मला पुस्तकापेक्षा नीट शिकवलं. औषधांचा कच्चा माल बनवताना आम्ही ते वापरायचो. ते इतर द्रव्यं विरघळवतं आणि अभिक्रियेत सुटणारं आम्ल स्वतःकडे ओढून घेतं. शेजारच्या पॉलिमरच्या शेडलाही तेच लागे. मामा म्हणायचे, "ही बाय सगल्यांना सांभालून घेते. पन भायेर परली का डोक्यान जाते." तिचा वास मात्र कुजक्या मासळीचा.

त्या वर्षी वास फार वाढला. शेडमधल्या माणसांची डोकी ठणकायची, जेवण जायचं नाही. पिरिडीनचा पंप गळतोय, हे मामांनी तीनदा जाऊन सांगितलं. पण पंप उघडायचा म्हणजे उत्पादन थांबवायचं! त्याऐवजी मॅनेजरसाहेबांनी कॅन्टीनच्या दारावर नोटीस लावली : दुर्गंधी येत असल्याने मासळीचे डबे आणण्यास मनाई. याला निर्लज्जपणा नाही तर काय म्हणायचं? ज्यांच्या जमिनींवर हे कारखाने उभे राहिले, त्यांच्याच डब्याकडे बघून नाक मुरडायचं.

मामांनी नोटीस वाचली, डबा उचलला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये आले. हवेच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन मी तिथेच उभी होते. त्यांनी टेबलावर डबा उघडला. आत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं.

"हुंगा, साएब."

"म्हात्रे, हा काय तमाशा?"

"सरावन हाय. आख्ख्या गावान कुनाचे घरान म्हावरा शिजला नाय. मंग ह्यो वास कुनाचा?"

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, रिपोर्ट काय म्हणतो?"

रिपोर्टात पिरिडीन स्पष्ट आलं होतं. नोकरीत कायम व्हायला मला महिना उरला होता.

"परत तपासून सांगते, सर," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डब्याला झाकण लावलं. जाता जाता त्यांनी नोटीस फाडली.

दोन दिवसांनी पंपाचं सील गुपचूप बदललं आणि वास गेला. त्याच आठवड्यात साहेबांनी मामांना फर्मावलं, नोटीस फाडल्याबद्दल माफी लिहून द्या, नाहीतर गेटपास मिळणार नाही.

"गलती तुमची नि माफी माजी?" मामा म्हणाले. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, त्यांना गळतीच म्हणायचं होतं. ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ लागले. पास मिळाला नाही. कंत्राटी माणसाला काढायला एवढं पुरे होतं.

साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि माझ्यावरचाही. त्या संध्याकाळी मी गेटपर्यंत मामांच्या मागे धावले. "मामा, मला माफ करा," म्हटलं.

ते थांबले. आवाज चढवला नाही.

"हितं कशाला सांगता, ताई? आत बोलाचा व्हता."