पड आणि पडीक

शेजारची सुलभा डोंगरावरून धावत उतरली, तेव्हा मी अंगणात कोकमं वाळत घालत होते. "बाय, दादा वर बांधावर बसलेत. हाका मारल्या, ओ देत नायत." तिच्या आवाजावरूनच मी काय ते समजले. मोहनदादा, माझा थोरला भाऊ, ऐनाच्या झाडाला टेकून... मांडीवर नकाशा, हातात छत्री. त्याला जाऊन आज दीड महिना झाला.

तो बसला होता ते आमचं वरकस, म्हणजे डोंगरउताराची जमीन. तिच्यात तीन-चार वर्षं नाचणी-वरी घ्यायची, मग तेवढीच वर्षं तिला निजू द्यायचं. त्याला आम्ही म्हणतो पड. आजारी माणसाला 'पडून राहा' म्हणतात ना, तसं. संगमेश्वराकडच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक राहिलं नाही ते दादाला, आणि तो इथेच जन्मलेला!

तो पुण्यात नकाशांच्या कचेरीत होता. उपग्रहाच्या फोटोंवरून कुठे किती जमीन पिकाखाली आहे, ती वर्षागणिक वाढली की घटली, देशावर काय आणि कोकणात काय, हे ताडून बघायचं त्याचं काम. यंत्राला आधी शिकवावं लागतं म्हणे, हे पीक, हे रान. त्या शिकवणीसाठी गावाकडची माहिती हवी होती. आमच्या या साहेबांना यायला कुठला वेळ! फोन केला. "बाय, आपल्या वरकसात सध्या काय आहे गं?" मी भाकरी थापत होते. म्हटलं, "काय असणार? पड आहे." त्याने आणखी दहाबारा जणांना विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं. त्याच्या यादीत 'पड' नव्हतं, 'पडीक' होतं. त्याने पडीक लिहिलं.

दिवाळीला आला तो लॅपटॉप उघडूनच बसला. जुना नकाशा, नवा नकाशा, शेजारी शेजारी. देशावरचं पीक जागच्या जागी, आणि आमचे डोंगर एकामागोमाग तांबडे. "बघ, कोकणातली शेती संपत चाललीय," म्हणाला. मी डोळे बारीक करून पाहिलं, तर आमचं वरकसही तांबडं! "तांबडं म्हणजे काय रे?" "पडीक. कायमची सोडलेली." "अरे शहाण्या, सोडलेली नाही ती, निजलीय! दोन वर्षांनी तिथे नाचणी आहे." दादा हसला नाही. त्याने लॅपटॉप मिटला. "बाय, मी लिहिलं तेवढ्यावरच यंत्र शिकलंय," म्हणाला.

मला वाटलं, चूक कळली म्हणजे पुसली जाईल. कसलं काय! तोवर त्या नकाशावरून दुसरा झाला होता, दुसऱ्यावरून तिसरा. निवृत्त होऊन दादा गावी आला तो 'नकाशा दुरुस्त करा' असे अर्ज खरडतच. रोज डोंगर चढायचा, बांधन्‌बांध तपासायचा. मी चिडवायचे, "फोनऐवजी एसटीत बसला असतास तर?" मग चिडवणं सोडलं. कारण एका सकाळी वरकसाच्या वरच्या कातळावर तांबड्या रंगाचे आकडे दिसले. कुणी काढले, कशासाठी, कुणी सांगेना. पडीक जमिनीवर काहीतरी मोठं यायचंय, एवढंच कानावर आलं. दादा छत्रीच्या टोकाने ते आकडे खरवडत बसायचा. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ताजे. मला भीती वाटायची, खरं सांगते. आणि राग यायचा तो माझाच. भाकरी बाजूला ठेवून दोन वाक्यं जास्त बोलले असते तर?

परवा पिकांच्या पाहणीसाठी टॅब घेऊन एक मुलगी वर आली. "काकू, या जमिनीत काय आहे?"

"पड..." म्हणाले आणि जीभ चावली.

"पीक की पडीक?"

"पड गं बाळा. निजलीय ती."

"तसं यात नाहीये हो काकू. दोनच आहेत."

"मग पीक लिही," मी म्हटलं. तिने समोरच्या गवताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गणपतीनंतर फोटो काढायला येते," म्हणाली आणि पुढच्या बांधावर गेली.

जमिनीचं अजून एक वर्ष निजायचं राहिलंय. तरी सुलभाला सांगितलंय, उद्या माणसं घेऊन ये, पड मोडायची आहे, फोटोत नाचणी दिसली पाहिजे. दादाची छत्री पडवीत खुंटीवर आहे. टोकाचा तांबडा रंग घासूनही गेला नाही. तीच घेऊन वर जाईन. यंदा नाचणी येईलही... पण पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या? तिला निजू द्यायची आता माझी छाती होत नाही.