आप्पांचे कान

आप्पांसमोर कुणी खोटं बोललं की कान लाल व्हायचे. खोटं बोलणाऱ्याचे नाही, आप्पांचे. आधी कानाची पाळी तांबूस व्हायची, मग वरचा काठ, आणि खोटं मोठं असेल तर रंग मानेपर्यंत उतरायचा. ते रागवायचे नाहीत. मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत राहायचे, जणू पकडले गेले ते स्वतःच.

माझं मराठी घरातलं आहे. शाळा हिंदीत झाली, कॉलेजही हिंदीतच, त्यामुळे लिहिताना अडखळते. पण आप्पा माझ्याशी मराठीतच बोलायचे. त्यांच्याबद्दल हिंदीत लिहिलं तर ते मला दुसऱ्याच कुणाचं वाटेल.

बनारसला चिकटून एक छोटी नगरपंचायत आहे. तिथे आप्पांच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहतो. आप्पांचं मूळ घर अहिल्याबाई घाटामागच्या गल्लीत. रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाल्यावर इकडे मोकळ्या जागेत घर बांधलं. बायको गेलेली, मुलगी इंदूरला. माझे बाबा घाटाजवळच्या धर्मशाळेत महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंसाठी स्वयंपाक करतात आणि आई टेंपो स्टँडशेजारी वाती, कापूर, हळदीकुंकू घेऊन बसते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आप्पांना त्याचा इतका आनंद झाला होता की ते माझं नावच विसरले. "काय कॉलेज, आज तास नाहीत वाटतं?" अशी हाक यायची.

दूधवाला रोज म्हणायचा, "एकदम प्योर है, बाबूजी." आप्पा पातेलं हातात धरून चपलांकडे बघायचे. "का बाबूजी, धूप लग गई का?" असं विचारून तो सायकल पुढे ढकलायचा, पण दुसऱ्या दिवशी दूध जरा दाट असायचं. मी एकदा म्हटलं, "आप्पा, त्याला सरळ सांगत का नाही?" तर म्हणाले, "अगं, लाज त्यालाच वाटायला हवी. पण त्याला सवड कुठे आहे? एवढी घरं करायची असतात. मग थोडी मी वाटून घेतो."

माझीही त्यांनी वाटून घेतली होती. पहिल्या वर्षी एक मैत्रीण मला सोडायला घरापर्यंत आली. समोरचं मोठं घर बघून तिने विचारलं, "ये पूरा तुम लोगों का है?" मी "हाँ" म्हणून बसले. आप्पा तिथेच तुळशीला पाणी घालत होते. कान लाल झाले. मला वाटलं, आता जमीन फाटेल तर बरं. पण ते मान वर न करता म्हणाले, "अगं कॉलेज, मैत्रिणीला पुढच्या खोलीत बसव. पंखा लाव." आणि स्वतः मागे आमच्या खोलीत जाऊन, आईच्या वातींच्या टोपल्यांमध्ये, ती मुलगी जाईपर्यंत बसून राहिले. त्यावर ते पुढे कधीही एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे मला ते जास्त आठवतं.

असा माणूस नगरपंचायतीचा सदस्य कसा झाला? आमच्या वॉर्डात दोन गट होते आणि कुणालाच दुसऱ्याचा माणूस नको होता. शेवटी दोघे म्हणाले, हे मराठी पंडितजी बरे, यांचं इथे कुणी नाही. आप्पा नको नको म्हणत असतानाच निवडून आले.

दर महिन्याला बैठक असायची. आप्पांना मोतीबिंदूमुळे अजेंडा वाचता यायचा नाही, म्हणून मी सोबत जायची. भिंतीला लावलेल्या बाकावर, त्यांच्या खुर्चीच्या अगदी मागे बसायची. राज्यशास्त्राच्या पुस्तकात स्थानिक स्वराज्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात समोशांचा उल्लेख नाही. इथे मात्र समोसे आल्याशिवाय कोरम व्हायचा नाही. मग अध्यक्षजी म्हणायचे, "पिछली बैठक की पुष्टि?" आणि तोंडात घास असतानाच सगळे टेबल वाजवायचे. पुष्टी झाली. मग नाली, खांबावरचे दिवे, मोकाट सांड. सांडांवर सगळ्यात जास्त वेळ जायचा, कारण प्रत्येकाकडे एक किस्सा असायचा. बाकी सगळं "पास? पास." दोन शब्दांत निघायचं.

महिला सदस्यांपैकी बहुतेकींच्या जागी त्यांचे नवरेच यायचे. एक दुलारी देवी तेवढ्या स्वतः यायच्या, पण पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि मागच्या खुर्चीवर, खांद्यावर गमछा टाकून, त्यांचा नवरा बसलेला. त्याने खुर्चीला पाय लावला की त्या हात वर करायच्या. त्यांचा आवाज कसा आहे हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

आप्पाही बोलायचे नाहीत. पण जेई साहेब, म्हणजे तिथले इंजिनिअर, "कार्य प्रगति पर है" असं वाचायला लागले की आप्पांच्या कानांचं काम सुरू व्हायचं. एक दिवस कुणीतरी ओरडलं, "जेई साहब, गाड़ी रोकिए! गार्ड बाबू का सिग्नल लाल हो गया!" सगळी खोली हसली, जेई साहेबसुद्धा. तेव्हापासून आप्पांचं नाव 'सिग्नल' पडलं. मला राग यायचा. आप्पा म्हणायचे, "हसू दे गं. निदान बघतात तरी." आणि ते खरं होतं. काही महिन्यांनी जेई साहेब एखादं वाक्य वाचायच्या आधी हळूच आप्पांकडे बघायचे आणि मग "मतलब, अगले महीने तक," असं स्वतःच जोडायचे.

उन्हाळ्यात आई डोक्यावर पाटी घेऊन निघाली की आप्पा ओट्यावरून म्हणायचे, "सुमन, घोटभर पाणी पिऊन जा. ऊन बघ केवढं आहे." आई म्हणायची, "नको आप्पा, तहान नाही." आणि कान लाल व्हायचे. हे रोज चाललं होतं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तुझी आई पाण्याबद्दल खोटं का बोलते?"

मला सांगवेना. ते माझ्या आजोबांच्या वयाचे. पण ते वाट बघत राहिले. मग मी तुळशीकडे तोंड करून सांगितलं, "तिथे जायला जागा नाही, आप्पा. दिवसभर बसायचं असतं. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. तिथल्या सगळ्याच बायका पीत नाहीत. आईला दोनदा लघवीचा त्रास होऊन ताप आला, तुम्हाला आम्ही मलेरिया सांगितला होता."

"अगं पण तिथे शौचालय बांधलंय. गेल्या वर्षी पास झालं. मीच हात वर केला होता."

"फोटो काढला आणि कुलूप लावलं. आत ठेकेदाराच्या सिमेंटच्या बोऱ्या आहेत."

अंधार पडत होता, तरी आप्पांची लाल झालेली मान दिसत होती. "म्हणजे खोटं मीच बोललो," ते म्हणाले.

पुढच्या बैठकीत ते आलंच. जेई साहेबांनी वाचलं, "टेम्पो स्टैंड शौचालय, महिला एवं पुरुष. कार्य पूर्ण, जनता के उपयोग में." या वेळी त्यांनी आप्पांकडे बघितलं नाही. अध्यक्षजी म्हणाले, "पास?" आणि आप्पा उभे राहिले.

"अध्यक्षजी, एक विनती है. हमको जाना है." त्यांनी करंगळी दाखवली. "सड़क पार ही है. हो आएँ?"

हशा पिकला. अध्यक्षजी म्हणाले, "अरे सिग्नल बाबू, उतनी दूर काहे? यहीं पीछे है, हो आइए."

"नहीं. जनता वाले में जाएँगे. हम भी जनता हैं."

जेई साहेब म्हणाले, "आज वहाँ सफ़ाई चल रही है."

"अच्छा," आप्पा म्हणाले आणि बसले. "तब रुकते हैं. और लोग भी तो रुके हैं."

पुन्हा हसू झालं आणि बैठक पुढे गेली. दिवे, हातपंप, सांड. शिपाई पाणी घेऊन आला. आप्पांनी पेला घेतला आणि रिकामा केला. मग चहाही प्यायले. मी पुढे वाकून म्हटलं, "आप्पा, चला ना मागे." त्यांना साखरेचा आजार होता. घरी ते तासाभरात दोनदा उठतात हे मला माहीत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुझी आई दिवे लागेपर्यंत बसते ना? मला एक बैठक जमायला पाहिजे."

जमलं नाही. सांडांचा किस्सा रंगात आला होता आणि सगळे हसत होते, तेव्हा आप्पांच्या खुर्चीखाली फरशीवर ओल पसरायला लागली. आधी शिपायाने बघितलं, मग शेजारच्याने. हसणं एका टोकाकडून विझत गेलं. कुणी पंख्याकडे बघू लागलं, कुणी फायलीकडे. आप्पांचं धोतर ओलं झालं होतं. माझ्या गळ्यात ओढणी होती. माझा हात तिच्यावर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटत होतं, मी हलले तर सगळे माझ्याकडे बघतील. त्यांच्या सगळ्यात जवळ मी बसले होते.

उठल्या त्या दुलारी देवी. त्यांनी मागे वळून नवऱ्याच्या खांद्यावरचा गमछा ओढला आणि येऊन आप्पांच्या मांडीवर पसरला. मग पदर मागे सारला. चेहरा तेव्हा पहिल्यांदा दिसला, गोल, चष्मा लावलेला, माझ्या आईच्या वयाचा.

"चाभी केकरे पास हौ?" त्यांनी विचारलं. किल्ली कुणाकडे आहे?

"बइठा," नवरा मागून कुजबुजला.

त्या बसल्या नाहीत. "पूछत हईं, चाभी केकरे पास हौ?"

अध्यक्षजींनी जेई साहेबांकडे बघितलं. जेई साहेबांनी टेबलाकडे. मी आप्पांच्या कानांकडे बघितलं. ते लाल नव्हते. कागदासारखे पांढरे पडले होते.

रिक्षात ते एकच वाक्य बोलले, "सुमनला सांगू नकोस." पण संध्याकाळी आई घरी आली ती सांगतच, की आज ट्रॉली आणून सगळ्या बोऱ्या काढल्या, कुलूप काढलं, पाणीसुद्धा सोडलं, काय झालं कुणास ठाऊक! मग मला राहवलं नाही. आईने सगळं ऐकलं. पाटी खाली ठेवायचं भान तिला बराच वेळ राहिलं नाही.

आप्पांचं दार बंद झालं. बैठकीला तर ते पुन्हा गेलेच नाहीत, ओट्यावरही यायचे नाहीत. आई जेवणाचा डबा उंबऱ्यावर ठेवायची, धुतलेला डबा तिथेच परत मिळायचा. मी दारापर्यंत जायची आणि परत यायची.

मग एका सकाळी आई पाटी घेऊन निघाली आणि ओट्यासमोर थांबली. "आप्पा!" तिने हाक मारली. "आप्पा, पाणी द्या."

आत काहीतरी सरकलं. दार उघडलं. आप्पा तांब्या-भांडं घेऊन बाहेर आले, दाढी वाढलेली. आईने उभ्याने भांडं संपवलं आणि परत पुढे केलं. त्यांनी भरलं. तेही तिने संपवलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "फार तहान लागली होती."

ते खरं होतं. तरी आप्पा चपलांकडे बघत होते आणि कान लालबुंद झाले होते.

थंडीत मुलगी येऊन त्यांना इंदूरला घेऊन गेली. निघताना त्यांनी मला पुढच्या खोलीची किल्ली दिली. "अभ्यासाला बस तिथे. मैत्रिणीही आण," एवढंच म्हणाले. मला वर बघता आलं नाही.

अधूनमधून फोन येतो. परवा त्यांनी विचारलं, "स्टँडवरचं उघडं आहे ना गं?" सफाईवाला महिनाभर नाही आणि कुलूप परत लागलं आहे. पण त्यांची तब्येत बरी नाही म्हणून मी म्हटलं, "हो आप्पा, उघडंच आहे." पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "बरं, कॉलेज. जप."

मला ती शांतता ओळखीची आहे. आज सकाळी आई पाटी घेऊन निघाली तेव्हा मी पाणी पुढे केलं, तर म्हणाली, "नको, तहान नाही." मी भांडं तसंच ठेवलं आणि दुलारी देवींच्या घरी गेले. कुलपाचं सांगितलं. उद्या बैठक आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त तुहूँ चला." मग तूही चल.